बूट : एक नग

भांडारपालांच्या पायातून बूट निघाला, त्या गोष्टीला यंदा अठ्ठावीस वर्षं झाली. बूट केव्हाच झिजून मातीला मिळाला असेल, पण गोष्ट अजून नवी कोरी होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पंधराशे मीटरच्या शर्यतीत भांडारपाल तिसरे होते, शेवटची फेरी होती, पुढच्या दोघांना धाप लागली होती, आणि ऐन वळणावर उजव्या पायातला बूट निघाला. चौथे आले. "बूट निघाला नसता तर..." असं म्हणून ते थांबत, आणि उरलेलं वाक्य ऐकणाऱ्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे पुरं करायचं असे. कोणी त्यांना पहिला नंबर देई, कोणी उदार मनाचा असला तर थेट देशाच्या संघात घाली. दिवसभर पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात तोट्या, व्हॉल्व्ह आणि फिनेलच्या बाटल्या मोजणाऱ्या माणसाकडे एवढं एक अर्धं वाक्य असलं, तर कोणाच्या पोटात दुखण्याचं कारण नव्हतं.

बायकोच्या मात्र दुखायचं. ती शाळेत गणित शिकवायची, आणि अर्धवट सोडलेलं उदाहरण तिला बघवत नसे.

"गणितात 'समजा' चालतं," ती म्हणायची, "पण पुढे उत्तर काढावं लागतं. तुम्ही अठ्ठावीस वर्षं 'समजा'वरच मांडी घालून बसलायत."

एके दिवशी धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात तिला खात्याचं परिपत्रक सापडलं. सगळ्या सरकारी खात्यांच्या वार्षिक क्रीडास्पर्धा. पंचेचाळीस वर्षांवरील कर्मचाऱ्यांसाठी पंधराशे मीटर. दीड महिना अवकाश. परिपत्रकाची घडी इतकी बारीक घातली होती, की ते लपवलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"नाव द्या," बायको म्हणाली.

"अगं, या वयात?"

"वय त्यांनीच लिहिलंय, पंचेचाळीसच्या वर. बूट घट्ट बांधा आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावा. निघाला नाही तर काय होतं, ते मलाही बघू दे. मरेपर्यंत ही एकच गोष्ट ऐकायची, तर तिचा शेवट तरी कळू दे."

भांडारपालांनी नाव दिलं. आणि त्या रात्री, आपण नेमकं काय पणाला लावलंय, हे त्यांच्या लक्षात आलं. आजवर हरण्याचं खापर फोडायला एक बूट होता. आता चांगले बूट घालून हरलो, तर ते अर्धं वाक्यसुद्धा हातचं जाणार होतं. त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो कोणत्याही मध्यमवर्गीय माणसाने काढला असता. पळण्याचा सराव पुढे ढकलून त्यांनी बुटांचा अभ्यास हाती घेतला.

अभ्यास म्हटला की शेजारी आलेच. वरच्या मजल्यावर निवृत्त दंतवैद्य राहत. त्यांच्या मते शर्यतीला खिळ्यांचे बूटच हवेत. "खिळे म्हणजे बुटाचे दात हो! जमिनीचा चावा घेतल्याशिवाय माणूस पुढे जाईल कसा?" असं म्हणून त्यांनी भांडारपालांना खुर्चीत बसवलं, आणि पाय बघता बघता सवयीने "आ करा" म्हणाले. दाढ किडल्याचंही तेव्हाच कळलं, पण तो वेगळा विषय आहे. मेहुणा चाळिशीनंतर मॅरेथॉन पळायला लागला होता, आणि त्यानंतर त्याच्याशी दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलणं कोणालाच जमलं नव्हतं. तो म्हणाला, "भाऊजी, खिळे विसरा. टाचेखाली गादी पाहिजे, गादी! गुडघे गेले म्हणजे बोंबलत बसाल." दंतवैद्य आणि मेहुणा यांची जिन्यात गाठ पडली, तेव्हा दात श्रेष्ठ की गादी, यावर एवढी जुंपली की भांडारपाल हळूच दार लावून आत येऊन बसले.

शेवटी ते दुकानात गेले. तिथली विक्रेती पंचविशीची असेल. स्वतः आठशे मीटर पळणारी होती, आणि तिने पहिल्याच वाक्यात घाव घातला.

"काका, चालायला हवेत का?"

"शर्यतीला हवेत," काका ताठ होऊन म्हणाले. "पंधराशे मीटर."

मग मात्र तिने सगळं नीट समजावलं. सरावाला साधे धावण्याचे बूट, जाड तळाचे. शर्यतीला खिळ्यांचे, पण शंभर मीटरवाल्यांचे नव्हेत. ते ताठ असतात, त्यांत टाच टेकायची सोयच नसते. मध्यम पल्ल्याला थोडे लवचिक, टाचेला जराशी जाडी. मोज्यासारखे अंगाबरोबर बसले पाहिजेत. रबरी ट्रॅक असेल तर खिळे सहा मिलिमीटरचे, त्याहून लांब चालत नाहीत. आणि शर्यतीआधी दोन-चार वेळा घालून पळायचे, एकदम नको, पोटऱ्या धरतात. दंतवैद्य आणि मेहुणा दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते, हे ऐकून भांडारपालांना वाईट वाटलं. दोघांपैकी एक तरी पूर्ण चूक निघायला हवा होता.

"हे सरावाचे घालून बाहेर जरा पळून बघा," ती म्हणाली.

शेजारी बँक होती. पन्नाशीचा एक गृहस्थ शर्टपँटमध्ये, पायात चिठ्ठी लटकणारे कोरे बूट घालून मागे बघत पळतोय, हे पाहून बँकेच्या पहारेकऱ्याने जे करायचं तेच केलं. "पकडा! पकडा!" असा त्याने गळा काढला. भांडारपाल घाबरले, आणि घाबरलेला माणूस थांबत नाही, आणखी जोरात पळतो. पळता पळता आपण चांगले पळतोय, असंही त्यांना वाटून गेलं. तेवढ्यात मागून सपसप पावलं वाजली आणि कोपऱ्यावर एक हात खांद्यावर पडला.

"अहो, साहेब तुम्ही!"

तो त्यांच्याच खात्यातला, त्यांच्याच वयाचा मीटरवाचक होता. शहरभर जिने चढून पाण्याचे मीटर वाचणं हे त्याचं काम. काखेत जाडजूड नोंदवही होती आणि त्याला साधी धापही लागली नव्हती.

"बूट... बघत होतो," भांडारपाल श्वास गोळा करत म्हणाले.

"बरे आहेत." मीटरवाचकाने स्वतःच्या पायांकडे बघितलं. त्याच्या कॅनव्हासच्या बुटातून अंगठा बाहेर डोकावत होता आणि तळ सुतळीने बांधला होता. "आमचा अर्ज आहे साहेब तुमच्याकडे. तीनदा परत आला."

तो अर्ज भांडारपालांना चांगला आठवत होता. आठवणारच, कारण परत त्यांनीच केला होता. आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, की पाठीमागे सारं खातं त्यांना 'नगसाहेब' म्हणायचं. मागणीपत्रावर वस्तूचं एकक 'नग' असंच लिहायचं, असा त्यांचा दंडक होता. डझन, जोडी, जुडी, गठ्ठा असे गावंढळ शब्द दिसले की लाल शेरा मारून कागद परत. मीटरवाचकाने पहिल्या अर्जात 'बूट, एक जोडी' लिहिलं होतं. दुसऱ्यात 'एक जोड' अशी सुधारणा केली होती. तिसऱ्यात 'नग' आला, पण तोवर दुसरा नियम आडवा आला. नवी वस्तू हवी, तर जुनी निकामी झालेली वस्तू भांडारात जमा करायची. ती जोडलेली नव्हती.

"जुने जमा केले, तर फेरीला काय घालू?" मीटरवाचकाने विचारलं.

"तो माझ्या टेबलाचा प्रश्न नाही," असं भांडारपाल म्हणाले. पण ते वाक्य टेबलाशी बसून म्हणायचं असतं. भर रस्त्यात, पहारेकरी धावत येत असताना, ते तितकंसं ठसत नाही.

"असू दे. मीपण नाव दिलंय शर्यतीला," मीटरवाचक म्हणाला, आणि पहारेकऱ्याला समजावायला गेला.

सरावाचे बूट त्यांनी स्वतः घेतले. खिळ्यांचे मात्र खात्याच्या क्रीडानिधीतून घ्यावेत, असं मोठ्या साहेबांनीच सुचवलं. खात्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. भांडारपालांनी मागणीपत्र लिहायला घेतलं. उभ्या जन्मात एवढं देखणं मागणीपत्र त्यांनी लिहिलं नव्हतं. वस्तू : खिळ्यांचे बूट, मध्यम पल्ला. खिळे : सहा मिलिमीटर. रंग : कोणताही, भडक नको. एकक : नग. संख्या : एक. सही, शिक्का, तारीख. कागद पुरवठादाराकडे गेला.

हा पुरवठादार भांडारपालांच्या हाताखालून गेलेला होता. कधीकाळी त्याने टाकीचं एक झाकण आणि त्याची मूठ वेगळी पाठवली, तेव्हा 'मागितला नग एक, आले नग दोन' असा शेरा मारून सगळं परत केलं होतं. दुधाने तोंड पोळल्यावर तो ताकही फुंकून पीत होता. पंधरा दिवसांनी खोका आला. भांडारपालांनी दार लावून, हात पुसून तो उघडला.

आत बूट होता. हलका, निळा, तळाला सहा चकचकीत खिळे. उजव्या पायाचा. एक नग.

त्यांनी खोका उलटा केला, झटकला, आतला कागद उलगडून बघितला. मग पुरवठादाराला फोन लावला.

"डावा कुठे आहे?"

"डावा इथे आहे साहेब, कपाटात. सुखरूप आहे."

"मग पाठवा ना!"

"कसा पाठवू? नग एक म्हणालात. दोन पाठवले असते, तर तुम्हीच परत केले असते. डाव्याचं वेगळं मागणीपत्र द्या, लगेच रवाना करतो."

भांडारपाल तणतणत दुकानात गेले. विक्रेती म्हणाली, "काका, तुमच्या मापाची तेवढीच जोडी होती. ती तुमचे पुरवठादार घेऊन गेले. आता नवा माल पुढच्या महिन्यात." शर्यत बारा दिवसांवर आली होती.

नवं मागणीपत्र लिहिलं. त्यावर मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं.

"भांडारपाल, एका वर्षात तीच वस्तू पुन्हा? आधीचा नग निकामी झाल्याचा दाखला कुठाय?"

"साहेब, निकामी नाही, तो उजवा आहे."

"उजवा आहे म्हणजे चांगला आहे. मग दुसरा कशाला?" साहेबांच्या डोळ्यांत जुना हिशेब चुकता केल्याचं समाधान होतं. "नियम तुमचाच आहे हो. गेल्या साली मी खुर्चीचं दुसरं चाक मागितलं, तेव्हा तुम्हीच मला ऐकवला होता. अजून मी एका अंगावर बसतो."

दरम्यान भांडारातल्या शिपायाने आपलं काम चोख केलं होतं. आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवून तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घालायचा, हाही भांडारपालांचाच शिरस्ता. निळ्या बुटावर आता 'पा.पु. ४१७' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. ४१६ नंबर बाहेरच्या पिंपावर होता. बूट घरी न्यायचा तर गेटपास लागला, आणि गेटपासवर सही करणारा अधिकारी म्हणजे भांडारपाल स्वतःच. त्यांनी स्वतःला अर्ज केला, दोन दिवस तो ठेवून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी मंजूर केला. घाईने मंजूर केला असता, तर लोक काय म्हणाले असते?

घरी बायकोने बूट टेबलावर ठेवून सगळ्या बाजूंनी बघितला.

"एकच?"

"नग म्हणून एकच."

"तुम्हीपण एक नगच आहात," ती म्हणाली. मग हसू आवरून म्हणाली, "अहो, सरावाचे दोन्ही घाला आणि पळा. त्यात काय एवढं?"

तेही जमण्यासारखं नव्हतं. क्रीडानिधीतून घेतलेली वस्तू स्पर्धेत वापरली, असा दाखला शर्यतीनंतर द्यायचा होता, आणि खोट्या दाखल्यावर भांडारपालांनी आजवर सही केलेली नव्हती. भांडारपाल तिरसट असतील, पण लबाड नव्हते. उजव्या पायात ४१७, डाव्यात सरावाचा, असंच पळायचं ठरलं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना थोडं बरंही वाटत होतं. हरलो तर सांगायला यंदाही एक बूट कमी होता.

शर्यतीच्या सकाळी स्टेडियमवर दंतवैद्य आले, मेहुणा आला, मोठे साहेब एका अंगावर बसायची सवय लागल्यामुळे खुर्चीत तिरपे बसले, आणि बायको शाळेचं स्टॉपवॉच घेऊन कठड्याशी उभी राहिली. दहा जण रेषेवर होते. मीटरवाचक शेजारीच होता. त्याने तळाची सुतळी आज नवी बांधली होती.

"साहेब, दोन पायांत दोन?" त्याने विचारलं.

"तांत्रिक अडचण," भांडारपाल म्हणाले.

शिट्टी झाली. पंधराशे मीटर म्हणजे ट्रॅकच्या पावणेचार फेऱ्या. सरळ भागात भांडारपाल बरे पळत होते. महिनाभर पहाटे उठले होते, तेवढं अंगात होतं. घोटाळा वळणावर होई. डावा बूट जाड तळाचा, उजवा पातळ, त्यामुळे सगळा माणूस उजवीकडे कललेला. आणि ट्रॅक वळायचा डावीकडे. प्रत्येक वळणावर ते न विचारता बाहेरच्या पट्टीत जात आणि सरळ भाग आला की परत येत. "आत या! भाऊजी, आत!" मेहुणा ओरडत होता. "चावा घ्या, चावा!" दंतवैद्य ओरडत होते. बायको ओरडत नव्हती. ती एकदा घड्याळाकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत होती.

तरीही तिसरी फेरी संपली तेव्हा ते चौथे होते. पुढे महसूल खात्याचे दोघे, आणि त्यांच्याही पुढे मीटरवाचक. भांडारपालांच्या छातीत भाता चालू होता, पण पायांत अजून जीव होता. तिसऱ्या माणसाची पाठ हाताच्या अंतरावर आली. इतक्या वर्षांनी तीच शेवटची फेरी, तेच वळण.

आणि बूट निघाला.

त्यांचा नव्हे. पुढे मीटरवाचकाची सुतळी तुटली, तळ लोंबला, आणि डाव्या पायातला बूट उडून ट्रॅकच्या मधोमध पडला. सगळं स्टेडियम "अरेरे" म्हणालं. मीटरवाचकाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. दोन उड्यांत त्याने दुसराही बूट झटकून गवतात भिरकावला, आणि अनवाणी असा काही सुटला की जणू इतका वेळ त्या बुटांनीच त्याला मागे ओढून धरलं होतं. महसूलवाले बघत राहिले.

भांडारपाल मात्र बुटापाशी पोचले आणि थांबले. आपण का थांबलो, हे त्यांनाही कळलं नाही. ते वाकले, बूट उचलला, उलटा करून तळ बघितला, सुतळीचं टोक गुंडाळून आत खुपसलं. एवढ्यात पाच जण शेजारून गेले. मग बूट काखेत धरून ते पुन्हा पळू लागले, आणि नववे आले. दहावा पोटात कळ येऊन मघाशीच बसला होता.

मीटरवाचक पहिला. त्याला लोकांनी उचलून घेतलं तेव्हा त्याचे काळवंडलेले तळपाय सगळ्यांना दिसले. भांडारपालांनाही दिसले, आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

दंतवैद्य धावत आले. "एक बूट कमी पडला हो! नाहीतर..."

"नाहीतर काय, भाऊजी तिसरे नक्की!" मेहुणा म्हणाला.

अर्धं वाक्य आयतं ताटात वाढून आलं होतं. भांडारपालांनी तोंड उघडलं. मग समोर उभ्या बायकोकडे बघितलं आणि मिटलं.

ती दोघांना बाजूला सारून जवळ आली.

"का उचललात?"

"खाली पडला होता."

"तेव्हाही असाच पडला होता का?"

भांडारपाल गवतावर बसले. चार वेळा घाम पुसून झाला.

"तेव्हा तो बूट कॉलेजचा होता," ते म्हणाले. "मी सही करून घेतला होता. हरवला असता, तर काय उत्तर दिलं असतं? म्हणून मागे गेलो. वीसेक पावलं. उचलला, पायात घातला, नाडी बांधली."

"गाठ मारलीत?"

"दुहेरी."

बायको त्यांच्याजवळ खाली बसली आणि पोट धरून हसली. भांडारपालांना आधी राग आला, मग तेही हसले. इतकी वर्षं छातीशी धरलेली वस्तू एकदाची जमा केल्यासारखं त्यांना हलकं वाटलं.

"आलं उत्तर," ती डोळे पुसत म्हणाली. "वेळ सांगू का किती लागला?"

"नको."

सोमवारी भांडारपाल भांडारात आले. टेबलावर ४१७ नंबरचा वापर-दाखला होता, त्यावर त्यांनी सही केली. मग खालच्या खणातून मीटरवाचकाचा तीनदा परत गेलेला अर्ज काढला. तिसऱ्या खेपेला मीटरवाचक तो न्यायला आलाच नव्हता. हात सवयीने लाल पेनाकडे गेला. पेन त्यांनी उचललंही. 'नग एक' यातला एक खोडला, तिथे स्वतःच्या हाताने 'दोन' लिहिलं, आणि पुढे कंसात, पुरवठादाराला संशयाला जागा नको म्हणून, 'डावा एक, उजवा एक'. दुसऱ्याचा कागद परत न करता स्वतः दुरुस्त करण्याची त्यांच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ होती.

आता फक्त निकामी वस्तूचा नियम उरला. नियम म्हणजे नियम. भांडारपालांनी पिशवीतून कॅनव्हासचा तो बूट काढला, अर्जाशी सुतळीनेच बांधला, आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं : 'सोबत निकामी बूट, एक नग.'